टाकीतला पहिला विस्तव

दिवाळीला पुंडलिक कंपनीतून निवृत्त झाला आणि तेव्हापासून घरातली एकही वस्तू जागेवर राहिली नाही. आधी त्याने फाटकाच्या बिजागऱ्या बदलल्या, मग बदललेल्या काढून पुन्हा जुन्याच बसवल्या. गच्चीवरचे पाइप असे काही फिरवले की न्हाणीत गरम पाण्याच्या नळाला गार पाणी यायला लागलं आणि गारच्या नळाला काहीच येईना. सगळी उमर वाळूजच्या शेडमध्ये पत्रे कापण्यात आणि जोडण्यात गेलेला माणूस. त्याचे हात रिकामे राहिले की घराची धडगत नसे.

"कंपनीनं ह्यांना घरी धाडलं, पर धाडायच्या आधी मला इचारायचं तरी," असं त्याची बायको आवडाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मग रविवारी सिल्लोडचे पाहुणे येणार असं ठरलं आणि पुंडलिकला खरंखुरं काम मिळालं.

पाहुणे येणार होते ते दीपमालासाठी. पुंडलिकचा धाकटा भाऊ बद्रीनाथ अपघातात गेला त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. त्याची बायको दीपमाला संभाजीनगरच्या सातारा परिसरातल्या याच घरात राहत होती. सकाळी सिडकोतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायला जायची, परत आली की ओट्यापाशी उभी राहून सगळ्यांच्या पोळ्या लाटायची. पुंडलिकचा मुलगा ऋतुराज, त्याने मित्रांकरवी हे स्थळ काढलं होतं. मुलगा सिल्लोडचा, कापूस-मक्याच्या व्यापारातला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. "काकू, रविवारी पाहुणे येणारेत तुला बघायला," असं त्याने तिला तवा तापलेला असतानाच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पोळी उलटली. त्या एका 'बरं'वर घरात सगळ्यांनी सगळं ठरवून टाकलं.

दगडाबाईंनीही, म्हणजे पुंडलिकच्या आईने, होकार दिला. पण एका अटीवर.

"बैठक घरात नाय व्हायची. मह्या बद्रीच्या फोटोसमोर त्याच्याच बायकोचं ठरवायचं नाय."

"मग फोटो तेवढा वेळ आतल्या खोलीत ठेवू आजी," ऋतुराज म्हणाला.

"हात तर लावून बघ फोटोला."

कोणी हात लावला नाही. बैठक अंगणात ठरली. आता माघातलं अंगण म्हणजे काय ते सातारा परिसरात राहणाऱ्याला सांगायला नको. ऊन उतरलं की डोंगराकडून असं वारं सुटतं की बोलताना दात वाजतात. त्यात मुलाचे वडील आप्पासाहेब वयस्कर, गुडघे धरलेले. त्यांना अशा गारठ्यात बसवायचं तर इज्जत कुठं राहिली? ऋतुराजने बापाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुण्या परदेशातल्या माणसाने घरामागे जुन्या टाकीची भलीमोठी शेगडी केली होती. खाली दार, वर धुराडं, आणि भोवती माणसं हात शेकत निवांत बसलेली. पुंडलिकने तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की मोबाइलची बॅटरी उतरली. मग तो उठला आणि थेट घरामागे गेला. तिथं लोखंडी टाकी पडलेली होती.

*

शनिवारी दुपारी दीपमाला दवाखान्यातून आली तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच तिला ग्राइंडरचा आवाज आला. दादांचं काहीतरी चाललंय, एवढंच तिच्या मनात आलं. घरामागे गेली आणि तिथंच उभी राहिली.

टाकी उभी केलेली होती. अँगलचे चार पाय जोडलेले, पोटाला चौकोनी दार कापलेलं, वरच्या अंगाला बोअरच्या जुन्या पाइपाचं धुराडं. आत गजांची जाळी बसवली होती आणि दाराखाली हवेसाठी भोकं पाडली होती. पुंडलिक टाकीसमोर उकिडवा बसून दाराची कडी लावत होता. अंगावर लोखंडाचा भुगा, चेहऱ्यावर मात्र कित्येक दिवसांत नव्हती अशी कळा.

"ये ये दीपा. बघ बरं, कशी झालीय?"

"चांगली झालीय दादा," ती म्हणाली.

दुसरं काय म्हणणार होती? ती या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा नळाला आठवड्याने पाणी यायचं, ते आताही तसंच येतं म्हणा. घरात साठवायला धड काही नव्हतं. टँकर आला की मेंदीही न उतरलेल्या हातांनी ती गल्लीत घागर घेऊन उभी राहायची. महिनाभर बद्रीने ते बघितलं आणि एका संध्याकाळी टेम्पोत टाकी घालून घेऊन आला. "ही तुही. आता रांगेत उभं राहायचं नाय," म्हणाला. आतून गंजू नये म्हणून दोघांनी मिळून तिला डांबरी रंग लावला होता. तो कमरेपर्यंत टाकीत, ही बाहेरून बॅटरी धरून. तो बाहेर आला तेव्हा नाकापासून गळ्यापर्यंत काळाकुट्ट होता. तिला हसू आवरेना आणि सासू नव्या सुनेच्या हसण्यावर रागावली होती.

पुढे गच्चीवर प्लास्टिकची काळी टाकी आली आणि ही मागे गेली. उन्हाळ्यात दीपमाला तिच्यावर कुरडया वाळत घालायची. टाकी कोणाची हे घरात कोणाला आठवत नव्हतं. आठवायचं कारणच काय?

तिने वाकून दारातून आत बघितलं. बोअरच्या पाण्याने आत क्षाराचा जाड पांढरा थर धरला होता. त्याच्याखाली डांबर दिसतच नव्हतं. पण होतं. चांगलं जाड होतं, तिनेच तर दुसरा हात द्यायला लावला होता.

"कापताना वास सुटला बघ जरासा," पुंडलिक म्हणाला. "डिस्क जुनी आहे, जळती. नवी आणायला फुरसत कुठं?"

सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. दादा, आत डांबर आहे, उद्या पेटवाल तर धुराने माणसं उठतील. एका वाक्याचं काम होतं. पण तिला राग आला होता. इतका राग तिला बद्री गेल्यावर त्या ट्रकवाल्याचाही आला नव्हता. माझी टाकी कापली आणि मला विचारतात, कशी झालीय. जळू दे, असं तिच्या मनात आलं. सगळंच जळू दे. ती आत गेली आणि कणीक मळायला घेतली.

*

रविवारी सकाळी ऋतुराज फाटकातून लाकडं आत आणत होता. वाळलेली बाभूळ, मोजून फोडलेली.

"पप्पा, एकदा पेटवून बघू. व्हिडिओत तो माणूस सांगतो ना, पहिल्यांदा रिकामी जाळायची, घरापासून लांब. आत काय काय असतं."

"मी तेच म्हणतो," पुंडलिक म्हणाला. त्याचे हात शिवशिवत होते. शेगडी केली आणि पेटवली नाही, हे त्याला रात्रभर टोचत होतं.

"खबरदार," ओसरीवरून दगडाबाई म्हणाल्या.

त्यांच्या गंगापूरकडच्या घराची रीत होती. नवी चूल झाली की तिच्यात पहिला विस्तव घरच्या सवाष्णीने घालायचा, दुधाचा शिंतोडा द्यायचा, आणि त्या विस्तवावर कोणाच्या तरी मुखी लागेल असं काहीतरी शिजवायचं. रिकामी चूल पेटवायची नाही. रिकामी पेटवली की घर रिकामं होतं. हे त्यांनी पन्नास वेळा सांगितलं होतं आणि आज एक्कावन्नाव्यांदा सांगितलं.

"आजी, ही चूल नाहीये. हीटर आहे."

"विस्तव पेटतो का नाय तिच्यात?"

"पेटतो."

"मंग चूल. पाव्हणे येतील, आवडा विस्तव घालीन, वर चहाचं पातेलं ठिवा. तवर तिला काडी लावायची नाय."

"यार आजी, क्या बात करती तू," ऋतुराज पुटपुटला. बापाकडे बघितलं तर बाप मान खाली घालून दाराची कडी विनाकारण उघडत-लावत होता. साठीला टेकलेला माणूस, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे, आणि कधी चाललंच तर त्याला झोप येत नसे.

स्वयंपाकघरात आवडाबाई पोहे भिजवत होती. आज विस्तवाचा मान तिचा, त्यामुळे तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पण तोंड उतरलेलं होतं. दीपमाला शेजारी कांदा चिरत होती.

"दीपा, तुला खरं सांगू का?" आवडाबाई आवाज खाली आणून म्हणाली. "मला हे पटलेलं नाय. तुह्या भल्याचं आहे हे कळतं. पर तू गेलीस की मागं कोण? मी अन् तुही सासू. म्हातारी तुह्याशिवाय कोणाच्या हातची गोळी घेत नाय. अन् हे आता दिवसभर घरात. माझ्या डोक्याचा भुगा होईन."

"आक्का, तुम्ही पण ना."

"मी मतलबी आहे, आहेच. झाकून कशाला ठिवू? तुला नको वाटत असंल तर नुसती मान हलव. मी आत्ता डोकं धरून पडते. सवाष्णच पडली तर विस्तव कोण घालीन? बैठकच मोडती."

दीपमाला हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. पण मान तिने हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची. आवडाबाई वाट बघून पोह्यांकडे वळली.

खरं तर दीपमालालाच काही उमगत नव्हतं. नको म्हणावं तर का, आणि हो म्हणावं तर कोणाला? तिला कोणी विचारलंच नव्हतं. घरातल्या माणसांचं तिच्यावर प्रेम होतं यात शंका नव्हती. पण प्रेमाच्या माणसांनी एकदा ठरवायला घेतलं की ज्याचं ठरवायचं त्याला बोलायला जागा उरत नाही.

*

पाच वाजता गाडी आली. आप्पासाहेब पांढऱ्या टोपीत, काठी टेकत उतरले. मागून त्यांचा मुलगा इंद्रजीत, चाळिशी ओलांडलेला, स्वेटरची बाही सारखी वर करणारा माणूस. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधोमध ती टाकी उभी होती. आप्पासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग घराच्या उघड्या दाराकडे बघितलं, आणि आत का बसवत नाहीत हे विचारायचं टाळलं. जुनी माणसं असली समज ठेवून असतात.

"हे काय काढलंय पुंडलिकराव?"

"शेगडी आहे आप्पा. घरीच केली. आता बघा, थंडी कुठल्या कुठं पळती," पुंडलिक म्हणाला. तो बसेना. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, पुन्हा टाकीपाशी.

दीपमालाने पाणी आणून दिलं आणि दगडाबाईंच्या मागे उभी राहिली. आवडाबाई पुढे झाली. तिने टाकीला हळदीकुंकू लावलं, दुधाचा शिंतोडा दिला, गोवरीचा पेटता तुकडा जाळीवर ठेवला. ऋतुराजने वर पातेलं ठेवलं. बाभूळ चुरचुरली, ज्वाळ वर चढली, धुराड्यातून पांढरा धूर सरळ निघाला.

"वा," आप्पासाहेब म्हणाले आणि हात पुढे केले.

पुंडलिकचा ऊर भरून आला. त्याने आणखी दोन जाड लाकडं आत सारली आणि दार लावून घेतलं. तिथंच चुकलं. टाकीचं पोट तापलं, आतला क्षाराचा थर तडतडला आणि पापुद्रे सुटून खाली पडू लागले. धुराड्यातला धूर आधी पिवळा झाला, मग काळा. मग तो धुराड्यात मावेना. दाराच्या फटीतून, हवेच्या भोकांतून, जोडाजोडांतून बाहेर यायला लागला आणि वाऱ्याने सगळा खुर्च्यांवर आणला. डांबराचा तो घशाला चिकटणारा वास सगळ्या अंगणात पसरला. आवडाबाई खोकत मागे सरली. आप्पासाहेबांची पांढरी टोपी बघता बघता करडी झाली. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, टायर जाळताय क्या?"

"पाणी आण! ऋत्या, पाणी!" पुंडलिक ओरडला.

"पाणी नको!" दीपमाला पुढे आली होती. "तापलेल्या टाकीवर पाणी टाकू नका दादा, जोड फुटतील. दार उघडा. पूर्ण उघडा. हवा जाऊ द्या आत, डांबर जळून जाईन आपोआप."

पुंडलिक जागच्या जागी थांबला. इंद्रजीत मात्र उठला, त्याने रुमाल हाताला गुंडाळून कडी ओढली. दार उघडताच भक्कन ज्वाळ बाहेर आली, त्याच्या भुवया थोडक्यात वाचल्या. लाकडाच्या दांडक्याने त्याने जळते ओंडके मागे सारले आणि दोन पावलं हटून उभा राहिला. आप्पासाहेबांना ऋतुराजने धरून फाटकापाशी नेलं.

"बोलावून धूर देता व्हय?" आप्पासाहेब खोकत म्हणाले. "इंद्रजीत, गाडी काढ."

"डांबर?" पुंडलिक दीपमालाकडे बघत होता. "तुला कसं माहीत, आत डांबर आहे?"

आता बोलायलाच हवं होतं. दीपमालाने पदराने डोळे पुसले.

"मीच लावलं होतं दादा. मी अन् ह्यांनी. ही टाकी त्यांनी माझ्यासाठी आणली होती."

"मग काल बोलली का नाहीस?" पुंडलिकचा आवाज चढला. "काल मी तुला दाखवली. पाव्हण्यांसमोर तोंड काळं करायचं होतं का आपलं?"

"तुम्ही कशी झालीय ते विचारलं. कापू का, हे नाही विचारलं." तिने पुन्हा पदर डोळ्यांना लावला. "मला माहीत होतं. माहीत असून गप्प बसले. माझं चुकलं, पाव्हण्यांना त्रास झाला. पण माझी टाकी कापताना या घरात कोणाला मी आठवले नाही, अन् मला दुसऱ्या घरी द्यायचं ठरवतानाही कोणी विचारलं नाही. ऋतुराजनं सांगितलं, मी बरं म्हणाले. बरं म्हणजे काय, हे तरी कोणी विचारायचं."

आवडाबाईने पुंडलिककडे असं बघितलं की त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही. ऋतुराज खाली मान घालून उभा राहिला. त्याला वाटत होतं, हे सगळं आपण तिच्यासाठीच केलं, मग आपल्याला चोरासारखं का वाटतंय?

आणि मग इंद्रजीत हसला. मोठ्याने नाही, पण हसला. त्याच्या गालांवर काजळीचे पट्टे होते.

"मलाही कोणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "सकाळी आप्पांनी फक्त सांगितलं, संभाजीनगरला जायचंय, नवा स्वेटर घाल. गाडीत बसल्यावर कळलं कशाला."

"इंद्रजीत!" फाटकातून आप्पासाहेब म्हणाले.

"खरं तेच सांगतोय आप्पा. या बसा. धूर कमी झाला बघा."

धूर खरंच कमी झाला होता. डांबर जळत चाललं होतं. काळ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा, आणि मग धुराड्याच्या तोंडाशी नुसती ऊब थरथरताना दिसू लागली. टाकी तापून अशी लालसर झाली की तिच्यापासून चार हात लांब बसलं तरी अंग सैलावत होतं. पुंडलिक एकटाच तिच्याकडे बघत नव्हता. एवढं चांगलं पेटलं आणि त्याला त्याचा आनंद घेता येईना.

आप्पासाहेब कुरकुरत परतले आणि बसले. पाय शेकायला लागल्यावर त्यांची कुरकुर आपोआप बंद झाली. पातेल्यातल्या चहात काजळी पडली होती, तो आवडाबाईने ओतून दिला आणि दुसरा ठेवला.

दगडाबाई इतका वेळ खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. त्यांना सगळं धुरासकट समजलं होतं. त्यांनी होकार दिला होता तो लोकांसाठी. सून सेवेला ठेवून घेतली, असं उद्या कोणी म्हणायला नको म्हणून. मनातून त्यांना रोज वाटत होतं, काहीतरी व्हावं आणि हे मोडावं. आज पाहुणे उठले तेव्हा, देवाशपथ, क्षणभर त्यांना बरं वाटलं होतं. आणि आता तर रस्ताच मिळाला होता. पोरीला विचारलेलं नाही, असं पोरगीच म्हणते. मग विचारावं. विचारलं की ती नाही म्हणणार. एवढं रडून बोलली ती, टाकीसाठी, बद्रीसाठी. नाहीच म्हणणार.

"दीपा, इकडं ये," त्या म्हणाल्या.

दीपमाला समोर येऊन उभी राहिली.

"चुकलं आमचं. तुला इचारायला पायजे होतं. आता इचारते, सगळ्यांसमोर इचारते. मह्याकडं बघू नको, पुंडलिककडं बघू नको. तुला जायचं का?"

दगडाबाईंनी नजर लावली होती. दीपमालाने खरंच कोणाकडे बघितलं नाही. तिने टाकीकडे बघितलं, दारातल्या लाल निखाऱ्यांकडे. कालचा राग शोधून बघितला तर तो सापडेना. उलट फार दिवसांनी तिला आपलं पाऊल आपण टाकायचंय असं वाटलं, आणि भीतीही वाटली, आणि ती भीती तिला आवडली.

"व्हय आत्याबाई," ती म्हणाली. "मला जायचंय."

इंद्रजीतने स्वेटरची बाही खाली ओढली. आवडाबाई कपबशा तशाच हातात धरून उभी राहिली.

दगडाबाईंना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही, पदर तोंडाला लावला. मग त्यांनी शेजारची खुर्ची हाताने ओढली, आपल्या खुर्चीला टेकेपर्यंत ओढली.

"मंग आज मह्यापाशी बस," त्या म्हणाल्या.